मुकादमाचं शेवटचं पान

गव्हाच्या गरम पिठाचा वास, आणि त्यात मिसळलेला तापलेल्या यंत्रांच्या धुळीचा. खालच्या गिरणीचा पट्टा फिरू लागला की वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासची फरशी तळपायांखाली बारीक थरथरायची, आणि तू चार नंबरच्या मशीनमध्ये फ्लॉपी सरकवलीस की घशात काही अडकल्यासारखी ती खरखरू लागायची. काल नेरूळमध्ये एका अनोळखी गिरणीसमोर तोच वास आला आणि मी थांबले. माझ्या हातात डबा नव्हता. गिरणीवाल्यानं विचारलं, "काय बाई, कुठलं दळण?" मी पुढे चालू लागले.

नरेश, क्लासमधली मुलं तुझ्या आठवणींचा एक अंक काढत आहेत. तुझं गाव, तुझं शिक्षण, तू किती बॅचेस शिकवल्यास, हे सगळं ती लिहितील आणि नीट लिहितील. माझ्या वाट्याची पानं मी दुसऱ्या कारणासाठी वापरणार आहे. तुझ्या खेळाचं शेवटचं पान तू माझ्या स्वाधीन करून गेलास. त्याचं काय झालं हे मला माहीत आहे आणि आता तुला कळायला हवं. हे छापलं जाईल, लोक वाचतील. तुझ्या आईला वाचता येत नाही. त्याचा फायदा मी घेते आहे, हेही इथेच लिहून ठेवते.

मी त्या क्लासमध्ये आले ती कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मराठी टायपिंग शिकायला. तिसऱ्या दिवशी तू खुर्ची ओढून शेजारी बसलास.

"मॅडम, तुम्ही कविता करता म्हणे?"

"करते."

"मग मला एक वाईट माणूस लिहून द्या ना. चांगला मला जमतो. वाईट फारच वाईट झालाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हसतो. हा हा हा करून."

मी हसले, आणि त्या हसण्यानंच फसले. तू खेळ बनवत होतास. बंदुका नाहीत, गाड्या नाहीत. काळ्या पडद्यावर हिरवी मराठी अक्षरं, एक प्रसंग, आणि खाली दोन आकडे. खेळणाऱ्यानं एक दाबायचा की दोन, एवढंच. ती अक्षरं तू आलेखाच्या कागदावर चौकोन भरभरून स्वतः काढली होतीस. 'ळ' काही केल्या गोल होत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी वेगळी वही केली होतीस. खेळाचं नाव 'मुकादम'. खेळणारा नायक नव्हता. तोच मिठागरावरचा मुकादम होता.

असले खेळ बाहेरच्या देशांत बनतात, हे तू मला दाखवलंस. कुणीतरी कुणाकडून उतरवून आणलेल्या फ्लॉप्यांवर ते होते. एकात खलनायक व्हायची मुभा होती, पण वाईट आकडा दाबला की आकाश लाल व्हायचं आणि ढोल वाजायचा. दुसऱ्यात गुण कापले जायचे. तिसऱ्यात माणसाचे दात वाढत जायचे आणि त्याची प्रत्येक दुष्ट कृती विनोदी होती, जणू दुष्टपणा म्हणजे खोड्या. तू टेबलावर हात आपटलास.

"तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं तिसऱ्या मजल्याचं पाणी तोडलं ना? दात वाढले का त्याचे?"

"नाही."

"आकाश?"

"आकाश होतं तसंच होतं."

"मग? हे लोक खोटं बोलतात, मॅडम. खेळणाऱ्याला आधीच सांगून टाकतात, की बाबा, तू आता वाईट आहेस. अरे, वाईट माणसाला हे कोण सांगतं?"

चांगल्या आकड्यावरही तुझा राग होता. चांगलं वागलं की पुढे तलवार मिळते, राजकन्या मिळते. पुढचं बक्षीस ठाऊक असताना केलेला चांगुलपणा हा सौदा असतो, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं त्या दिवसापासून वेगळं होतं आणि आजही वेगळं आहे. ज्या जगात शिक्षा होत नाही, तिथे निदान रचलेल्या गोष्टीत तरी ती झाली पाहिजे. नाहीतर रचायची कशाला? तू म्हणायचास, "टेन्शन नको घेऊ, तू फक्त वाक्यं लिही." 'तुम्ही'वरून 'तू'वर आपण कधी आलो ते आठवत नाही. 'मॅडम' मात्र तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. त्या शब्दाला तू इतकी पातळ धार लावली होतीस की कापल्यावरच कळायचं.

मुकादम खरा होता. तुझा आजा. तुमच्या गावामागच्या बांधावर उभा राहून तू मला समोरचं दाखवलंस: भराव घातलेली जमीन, तिच्यात रोवलेले प्लॉटचे दगड आणि त्यांच्या मधोमध उरलेलं एक चौकोनी, पांढुरकं डबकं. तिथे मिठागर होतं. वाऱ्याला अजून कुजलेल्या गवताचा आणि खारटाचा वास होता.

"बायांच्या पायांना खाऱ्या पाण्यानं भोकं पडायची," तू म्हणालास. "आजा म्हणायचा, भोकं पडली तरच मीठ गोड लागतं."

"आणि घरी?"

"घरी मला मांडीवर घेऊन बोंबील भरवायचा. काटे काढून."

"मेला कसा?"

"झोपेत. फुलासारखा. सगळं गाव रडलं, मॅडम. ज्या बायांचे पाय त्यानं खाल्ले, त्यापण रडल्या."

हे कसं सोसायचं, ते तुला कळत नव्हतं, म्हणून तू खेळ लिहीत होतास. मला वाटतं, मलाही ते सोसवत नव्हतं म्हणूनच मी वाक्यं लिहू लागले. पण लिहू लागल्यावर जे झालं, ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

सातव्या पानावर एक बाई येते. तिचं मूल तापानं फणफणलं आहे, तिला एका दिवसाची रजा हवी आहे. एक दाबला तर रजा, दोन दाबला तर नाही. तू क्लासच्या पोरांना बसवून खेळायला लावलंस आणि पाठीमागे उभा राहून मोजलंस. पहिल्या फेरीत बहुतेकांनी एक दाबला. दुसऱ्या फेरीत, उत्सुकता म्हणून, सगळ्यांनी दोन. आणि मग पुन्हा दोन. एक पोरगी दुसरीला म्हणाली, "अगं, दोनवालं वाच ना, मस्त आहे!" एक दाबल्यावर पडद्यावर यायचं: 'तू तिला रजा दिलीस.' दोन दाबल्यावर यायचं: 'तिचं बोलणं संपण्याआधी तू सूर्याकडे पाहिलंस. सूर्य तुझ्या बाजूचा होता. तिची सावली तुझ्या वहाणेपर्यंत आली होती. तू वहाण उचललीस, आणि पुन्हा तिथेच ठेवलीस.'

पोरं वडापाव खायला खाली गेली. तू माझ्याकडे वळलास.

"चांगल्याला एक ओळ, वाईटाला चार. मॅडम, पार्टी कुठली तुमची?"

मी म्हणाले, वाईट मुळातच लिहायला सोपं असतं. तू मान हलवलीस. "सोपं नाही. तुला आवडतं." आणि खरखरणारी फ्लॉपी बाहेर काढलीस.

मी घरी गेले आणि तो 'एक' पुन्हा लिहिला. अकरा वेळा लिहिला. रजा देणाऱ्या हाताचं वर्णन करून पाहिलं, बाईच्या पदराचं करून पाहिलं. प्रत्येक वेळी ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं दिसे. इतक्या वर्षांच्या कवितेत मी चांगुलपणासाठी एकही शब्द कमावला नव्हता, हे तू मला दाखवलंस. या एका गोष्टीसाठी मी तुझी ऋणी आहे, आणि याच गोष्टीसाठी मी तुला क्षमा केली नाही.

शेवटचं पान मात्र तू मला लिहू दिलं नाहीस. संपूर्ण खेळात फक्त तेवढं तुझ्या शब्दांत होतं. सहा ओळी. कोणतेही आकडे दाबत आलात तरी त्याच पानावर पोचायचं: म्हातारा मुकादम ओट्यावर बसला आहे, संध्याकाळ आहे, येणारा-जाणारा त्याला रामराम करतो आहे. मग काही नाही. हिरवा ठिपका लुकलुकत राहतो.

एका दुपारी तू आईला क्लासवर घेऊन आलास. ती चपला दाराबाहेर काढून, काष्ट्याचं लुगडं सावरून, यंत्राला शिवणार नाही अशा बेतानं खुर्चीच्या टोकावर बसली. अंगाला सुक्या मासळीचा आणि मोगऱ्याचा वास. तू एकेक ओळ वाचून दाखवलीस. पाचव्या ओळीला ती अशी हसली की खालच्या गिरणीवाल्यानं वर पाहिलं असेल.

"असाच होता मेला!" ती म्हणाली. "अगदी असाच बसायचा." मग पडद्याकडे बोट करून तुला विचारलं, "आता यो इथंच र्‍हाणार?"

"इथंच. कायमचा."

"पुन्ना वाच."

तू पुन्हा वाचलंस. ती पुन्हा त्याच ओळीला हसली, आणि मग पदरानं डोळे टिपले. या सासऱ्यानं तिलाही मिठागरावर राबवलं होतं, हे तू मला नंतर सांगितलंस.

त्या दिवसापासून आपलं भांडण पेटलं. मी म्हणाले, हे पान खोटं आहे. सातव्या पानावरची बाई शेवटी यायलाच हवी. ओट्यासमोर उभी राहून तिनं एक तरी वाक्य बोलायला हवं. तू म्हणालास, "आजासमोर कोणी आलं नाही. खेळणाऱ्याला त्यानं केलेल्याबरोबर एकटं सोडायचंय मला." मी म्हणाले, एकटा सोडलेला माणूस स्वतःकडे बघत बसत नाही, नरेश, तो उठून वडापाव खायला जातो, तुझी पोरं गेली तशी. यावर तू पेन्सिल उचललीस. बराच वेळ आलेखाच्या कागदाचे चौकोन भरत राहिलास.

"ठीक आहे," तू म्हणालास. "तिचं वाक्य लिहून आण. एकच. खरं वाटलं तर टाकतो."

ते वाक्य मला सुचलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मुकादमासाठी मी चालता-चालता लिहीत होते. तिच्या तोंडी घातलेलं प्रत्येक वाक्य मात्र माझ्याच आवाजात बोलायचं, शुद्ध आणि गाता येईल असं. भेटलास की तू विचारायचास, "ओळ झाली?" मग विचारणंही बंद केलंस, आणि ते जास्त लागलं.

मग तुला कावीळ झाली आणि तिच्याकडे तू दुर्लक्ष केलंस. वाशीच्या इस्पितळात मी आले तेव्हा फिनेलच्या वासात तुझे डोळे जुन्या झेंडूसारखे दिसत होते. पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको संत्रं सोलत होती. मी "कसा आहेस" म्हणायच्या आत तू म्हणालास, "ओळ?"

"नाही झाली."

"नाही होणार. तुझ्याकडे भांडी घासायला येते तिचं नाव काय?"

"मावशी म्हणतो आम्ही."

"नाव, मॅडम."

चार वर्षं ती बाई माझ्या घरात येत होती. मला नाव ठाऊक नव्हतं. (अजूनही विचारलेलं नाही. आता विचारलं तर ते तुझ्यासाठी विचारल्यासारखं होईल.)

आणि मग मी बोलले. आवाज चढवला नाही. माझ्या वाक्यांना मी कधीच आवाज चढवू देत नाही. "तुझा आजा निदान उन्हात उभा राहून माणसं छळत होता. तू गादीवर पडून त्याची आरती लिहितो आहेस. हा खेळ तुझ्याबरोबर मेला तरी कुणाचं काही बिघडणार नाही."

संत्रं सोलणारा हात थांबला. तू डोळे मिटलेस. उघडलेस तेव्हा त्यांत पाणी नव्हतं. चौकोन भरताना 'ळ' अखेर गोल झाला त्या दिवशी जसा दिसला होतास, तसा दिसत होतास.

"हे लिहून घे," तू म्हणालास. "मुकादमाला दे. एक नंबर आहे."

तुझ्या आवाजात टोमणा असता तर मी सोसला असता. तू मनापासून खूश झाला होतास. मग उशीखालून दोन फ्लॉप्या काढून माझ्या हातावर ठेवल्यास. "दोन्हीत तेच आहे. एक खराब झाली तर दुसरी असावी. मशीनवरचं क्लासच्या मालकांनी नव्या बॅचसाठी पुसलं. आता एवढंच आहे. आजाला नीट ठेव."

त्यानंतरचा रविवार. क्लासमध्ये दोनच पोरं होती, आपापल्या पडद्यांत गढलेली. गिरणी बंद होती, फरशी मेल्यासारखी स्थिर. चार नंबरच्या मशीनवर मी तुझं शेवटचं पान उघडलं आणि त्या जागी माझं लिहिलं. माझ्या पानात मुकादमाच्या पायांना भोकं पडतात. माझ्या पानात तो पाणी मागतो आणि बाया त्याच्या ओंजळीत मूठमूठ मीठ ओततात; ते ओलं, चमकणारं, निळसर मीठ मी इतकं मन लावून लिहिलं की माझीच जीभ कोरडी पडली. आजवर मी लिहिलेल्या सगळ्यात ते सरस आहे. नंतर यंत्रानं एका ओळीत विचारलं, जुन्या पानावर नवं पान ठेवायचं का. होय की नाही.

मी 'होय' दाबलं. ती पहिली फ्लॉपी. त्या वेळी मला राग होता, हे मी न्यायालयातही सांगू शकेन.

दुसरी फ्लॉपी माझ्या पर्समध्ये होती. मी उठून खाली गेले, चहा प्यायले, टपरीवाल्याशी पाण्याच्या कपातीबद्दल बोलले. वर आले तेव्हा राग उरला नव्हता. मी दुसरी फ्लॉपी सरकवली. ती खरखरली. यंत्रानं तेच विचारलं. मी तेच दाबलं.

आकाशाचं काही झालं नाही. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, प्रिंटर चालू करू का?"

गुरुवारी तू गेलास. मी तुला सांगणार होते का? तू बरा झाल्यावर फ्लॉपी तुझ्यापुढे टाकून तुझा चेहरा पाहायचा, असं ठरवलं होतं. तो चेहरा पाहायला मी उत्सुक होते. हे तुझ्या मृत्यूनंतर सौम्य करून लिहिण्यात अर्थ नाही.

तुझ्या सहा ओळी मी आठवून लिहू पाहिल्या. चार येतात. दोन येत नाहीत, आणि त्यातली एक पाचवी आहे. तिला तुझी आई हसली होती ते हसणं मला सुरासकट आठवतं. ओळ आठवत नाही.

दहाव्याला तुमच्या गावामागच्या बांधावर सगळे जमले होते. तुझ्या धाकट्या भावानं पिंड ठेवला आणि माणसं मागे सरली. कावळे होते, खारफुटीच्या फांद्यांवर पाच-सहा, माना वाकड्या करून बघत. खाली एकही येईना. ऊन चढलं. तुमच्याकडे अशा वेळी जे करतात ते सुरू झालं: गेलेल्याच्या मनात काय अडकलं असेल ते ओळखून एकेकानं मोठ्यानं शब्द द्यायचा.

भाऊ म्हणाला, "दादा, आईला मी संभालीन." कावळा हलला नाही.

काका म्हणाले, "नऱ्या, तुज्या भावाचा लगीन येत्या वर्साला लावतू." एक कावळा उडाला, लांबच्या फांदीवर बसला. कुणीतरी कुजबुजलं, "लगनाला घाबरला." बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. तू असतास तर सर्वांत मोठ्यानं हसला असतास.

मग तुझी आई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. मनगट धरलं. हात उन्हानं तापलेला, खरखरीत.

"पोरी, तो खेल तुज्याकडं हाय ना? मला बोलला व्हता, मॅडमकडं दिलाय, आजा तिकडंच हाय. त्याचा जीव त्याच्यातच असंल बग. सांग त्याला. बोल, का सांभालीन, आन् आईला वाचून दाखवीन, त्यानी लिवलाय तसा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पिंडावरचा भात उन्हानं सुकत होता. मला दोन वाक्यं दिसत होती, एकाखाली एक, जशी तुझ्या पडद्यावर दिसायची. पहिलं खरं होतं. ते उच्चारलं असतं तर तुझ्या आईला तुला दुसऱ्यांदा जाळावं लागलं असतं, आणि ते न उच्चारण्यात माझी दया होती असं म्हणायला मला आवडेल. ती दया नव्हती. इतक्या माणसांसमोर मला माझी अब्रू हवी होती.

मी दोन पावलं पुढे गेले. आवाज स्वच्छ होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"नरेश, तुझं शेवटचं पान माझ्याकडे आहे. जसं लिहिलंस तसं सांभाळीन. आईला वाचून दाखवीन."

कावळा उतरला. दुरून आला, सरळ आला, पिंडाला चोच लावली, आणि त्याच्या मागोमाग दुसरा. माणसांनी श्वास सोडला. "बगा, त्यातच व्हता जीव," कुणी म्हणालं. असल्या गोष्टींवर तुझा विश्वास नव्हता. तेव्हा हे तू केलंस असं म्हणून मी सुटू शकत नाही. मी खोटं बोलले आणि कावळा जेवला. तू जे पान लिहू पाहत होतास ते हे होतं, आणि माझं म्हणणं, वेड्या, अजूनही तेच आहे: कुणीतरी येऊन समोर उभं राहायला हवं होतं.

घरी पंगत बसली. मी निघत होते. तुझ्या आईनं मला हाताला धरून ओट्यावर, स्वतःच्या शेजारी बसवलं. पत्रावळीवर भात, वालाची आमटी. वाफेत नारळाचा वास. माझा हात पत्रावळीपर्यंत जाईना. तिनं स्वतःच्या बोटांनी माझा भात कालवला, त्यातला एक खडा उचलून बाजूला टाकला, आणि माझ्याकडे पाहिलं; इतका वेळ, की तिला सगळं ठाऊक आहे असं मला वाटलं, आणि मग, काहीच ठाऊक नाही असंही.

"जेव."